खोकल्याच्या बाटलीतलं झाड

अण्णांसमोर खोकायची सोय नव्हती. कुणी खोकलं की त्यांचे डोळे चमकायचे. समोरचा माणूस छातीवर हात धरून जिन्यात उभा असला तरी ते आधी विचारायचे, "औषध आणलंस काय? बाटली कसली? तपकिरी की पांढरी?" पांढरी म्हटलं की त्या दुखण्यातला त्यांचा रस संपायचा. तपकिरी म्हटलं की मात्र ते रोज सकाळी प्रकृतीची चौकशी करायला यायचे, आणि आपण बरे होत चाललो याचा आनंद आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त व्हायचा.

"संपली? धुवून दे. बूच नको मला."

बंगळूरच्या चामराजपेटेतल्या त्यांच्या घरात मी सहा वर्षं वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. अण्णा तीन पिढ्यांचे तिथलेच, पण घरात बोली मराठी. नागपूरहून नोकरीसाठी आले होते. पहिल्या भेटीत त्यांनी माझी जात विचारली नाही, लग्नाचं विचारलं नाही, मांस-मच्छीचंही नाही. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "वर्षात किती वेळा खोकला येतो?"

मी गोंधळून म्हणाले, "दोनदा. थंडीत."

"सरी, ठीक. कधी येतीस राहायला?"

बाटल्यांचा उलगडा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. साडेसहाला दार वाजलं. बाहेर अण्णा, अंगात इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात बॅटरी. माझ्या खोलीला लागूनच गच्ची होती. गच्चीच्या कट्ट्यावर सात तपकिरी बाटल्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीच्या तोंडातून टोमॅटोची एक कोवळी फूट बाहेर डोकावत होती. अण्णा लख्ख उजेडात बॅटरी लावून एकेका बाटलीच्या आत बघत होते आणि खडूने कट्ट्याच्या भिंतीवर लिहीत होते: "१ – मुळं ४. २ – फुगवटे. ३ – काही नाही. ४ – आळशी."

तीस वर्षं ते वीज खात्यात मीटर वाचायला घरोघर फिरले होते. निवृत्त झाल्यावर वाचायला दुसरं काही मिळालं नाही म्हणून मुळं वाचायचे. या प्रकाराला ते 'रीडिंग' म्हणत. पहिल्या दिवशी मला दाराबाहेर बोलावलं ते साक्षीदार म्हणून. रीडिंग घेताना घरातलं कुणीतरी हजर असावं, हा त्यांच्या खात्यातला नियम होता म्हणे. मी सहा वर्षं हजर राहिले.

गच्चीवर कुंडीत एकच मोठं टोमॅटोचं झाड असायचं, काठीला जुन्या साडीच्या चिंध्यांनी बांधलेलं. पानाचा देठ आणि खोड यांच्या बेचक्यात जी नवी फूट येते तिला बगलफूट म्हणतात. बाकीचे लोक ती खुडून टाकतात. अण्णा ती वीतभर होऊ द्यायचे, मग नखाने खुडायचे (कात्री त्यांना चालत नसे), खालची पानं काढायचे, कळी असली तर "आत्ता नको गं" असं म्हणून तीही काढायचे, आणि फूट बाटलीत सोडायचे. मुळांना अंधार आवडतो, म्हणून बाटली तपकिरी. आठ-दहा दिवसांत मुळं फुटली की फूट मातीत, थेट गळ्यापर्यंत. पहिले दोन दिवस ती अशी मान टाकायची की बघवायचं नाही. अण्णा कुंडीवर छत्री उघडून ठेवायचे आणि जिना उतरताना सांगायचे, "नाटक करतंय. तिसऱ्या दिवशी उठतंय बघ." ते तिसऱ्या दिवशी उठायचं.

वर्षभराने जुनं झाड थकलं की ते उपटायचे आणि त्याच्याच फुटीतून आलेलं नवं त्या जागी यायचं. असं किती वर्षं चाललं होतं? अण्णांच्या बायकोने ते झाड लावल्यापासून. मी राहायला आले तेव्हा त्या जाऊन नऊ वर्षं झाली होती.

मी एकदा शहाणपणा केला. "अण्णा, एवढ्या खटाटोपापेक्षा बी का नाही लावत?"

त्यांनी बॅटरी बंद केली. "पुस्तकम्मा," ते म्हणाले. माझ्या खोलीतल्या पुस्तकांमुळे मला हे नाव पडलं होतं. "बी लावलं की पोर येतं. फूट लावली की तेच झाड येतं. पोरं मला आहेत दोन. एक मेलबर्नला, एक पुण्याला. मला तेच झाड पाहिजे."

मग पुन्हा बॅटरी लावून म्हणाले, "चार नंबर अजून आळशीच आहे."

ते फळ दिसायला अगदीच गबाळं होतं. बंगळूरच्या बाजारात देशी आंबट टोमॅटोला नाटी म्हणतात, हे त्यातलं. चपटं, पोटाला खोल चुण्या, देठापाशी हिरवट. जणू कुणीतरी बसलंय त्याच्यावर. पण त्याचं सारू, म्हणजे आपलं सार, केलं की वरच्या मजल्यावर माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. अण्णांना स्वयंपाकातला तेवढा एकच पदार्थ येत होता, आणि त्याच्या कृतीत "ती करायची तसं" एवढा एकच मसाला होता.

ही फूट मागायला लोक यायचे. अण्णा मुलाखत घेत. ऊन कुठून येतं, मांजर आहे काय, गावाला गेलात तर कोण बघणार. मी असताना तिघे पास झाले. तिघांनाही बाटलीसकट फूट मिळाली आणि "बाटली परत" अशी ताकीद. बाटल्या परत आल्या. झाडांचं पुढे काय झालं हे कुणी बोलायचं नाही, आणि अण्णा विचारायचे नाहीत. मीटर वाचणाऱ्याने घरात डोकावू नये, म्हणायचे.

आता माझ्या हातून जे झालं ते लिहायला हवं. गेला आठवडाभर मी त्याच्या आसपास फिरते आहे.

तिसऱ्या वर्षी अण्णा पुतण्याच्या लग्नाला दहा दिवस धारवाडला गेले. त्यावेळी कुंडीतल्या झाडाची पानं मुरडायला लागली होती, रोग फुटींत जाऊ नये म्हणून त्यांनी ते जाण्याआधीच मुळासकट काढलं. म्हणजे राहिल्या फक्त सात बाटल्या. जाताना त्यांनी मला बॅटरी सोपवली, आणि खडूही.

पाच दिवस मी इमानाने रीडिंग घेतलं. सहाव्या दिवशी सकाळी डेंग्यूच्या तपासणीची बाई आली. कुठे पाणी साचलंय का, हे बघत ती घरोघर फिरत होती. मी त्यावेळी घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. माझं काम फोनच्या पडद्यावर येणाऱ्या सूचनांचं मराठी करायचं. 'पुढे जा' बरं की 'पुढे चला' यावर आठ माणसं चाळीस मिनिटं बोलत होती. मी कानातली तार न काढता गच्चीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "सरी, सरी, बघा तुम्ही." बादल्या, ड्रम, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाटल्या मला पाणी वाटतच नव्हत्या.

'पुढे चला' पास झालं आणि मी बाहेर आले. कट्ट्यावर सात बाटल्या उन्हात पालथ्या घातलेल्या, फार नीटनेटक्या. फाटकावर तपासणी झाल्याची खडूची खूण. आणि फुटी? समोरच्या घरातल्या बाईंनी सांगितलं, तिने पिशवीत भरल्या आणि ओला कचरा म्हणून गाडीत टाकल्या. गाडी आत्ताच कोपऱ्यावर वळली.

मी धावले. आयुष्यात मी बससाठीही धावले नव्हते. चप्पल एक, कानातली तार गळ्यात, तोंडाने गाडीवाल्याच्या नावाने "अण्णा, गाडी निल्सी!" म्हणजे थांबवा, असा आक्रोश; तिकडे कुणालाही अण्णाच म्हणतात. कचरागाडीवाल्याने गाडी थांबवली आणि आदराने मला आत बघू दिलं. आत आख्ख्या पेठेच्या केळीच्या साली, इडलीची पानं आणि नारळाची शेंडी होती. पाव तास मी शोधत होते. तो बिचारा म्हणाला, "सोनं काय अक्का?"

मी म्हणाले, "टोमॅटो."

तो थोडा मागे सरकून उभा राहिला.

संध्याकाळी मी रोपवाटिकेत गेले. नाटी टोमॅटोची रोपं मागितली. त्या माणसाने छातीवर हात ठेवून ती नाटीच असल्याचं सांगितलं. मी सात घेतली, घरी आणली आणि आजवर कुणाला न सांगितलेलं काम केलं: त्या सात धडधाकट रोपांची मुळं कापून टाकली, आणि पुन्हा मुळं फुटावीत म्हणून त्यांना बाटल्यांत उभं केलं. लबाडीत एवढी मेहनत असते हे मला माहीत नव्हतं.

अण्णा परतले. बॅग खाली न ठेवता वर आले. बॅटरी लावून एक नंबर बघितला, दोन नंबर बघितला. सात नंबरपाशी बराच वेळ थांबले.

"स्वल्प वेगळी दिसतायत."

"हवा," मी म्हणाले. "हवा फार बदलली अण्णा, तुम्ही गेल्यापासून."

"सरी," ते म्हणाले, आणि भिंतीवर लिहिलं: "७ – हवा."

झाड वाढलं. फुलं आली. बारीक हिरवी फळं धरली, आणि माझी झोप उडाली, कारण ती फळं चपटी नव्हती. लांबट होती. अंड्यासारखी गुळगुळीत, चुण्यांचा पत्ता नाही. आणखी पंधरा दिवसांत आंधळ्यालाही कळलं असतं.

मग मी चोरी सुरू केली. रोज सकाळी सहाला, रीडिंगच्या अर्धा तास आधी, जी फळं आकार दाखवायला लागतील ती तोडायची. साडेसहाला अण्णा यायचे, रिकामे देठ बघायचे आणि म्हणायचे, "खार."

"खारच," मी म्हणायचे.

खारीविरुद्ध अण्णांनी युद्ध पुकारलं. झाडाभोवती जुन्या सीडी टांगल्या. मग आपली खात्यातली टोपी काठीवर चढवली. मग कागदावर जाड अक्षरात 'धोका' लिहून खाली कवटी काढली, कन्नडमध्ये आणि मराठीतही, न जाणो खार आपल्यातली असली तर. मी रोज त्या कवटीखालून हात घालून फळं तोडत होते. ती टाकवत नव्हती, म्हणून खात होते. हिरव्या टोमॅटोची चटणी, भाजी, पिठलं, पुन्हा चटणी. ऑफिसात माझा डबा उघडला की मंडळी पांगत.

एके दिवशी अण्णा जिन्यात थांबून हवा हुंगत म्हणाले, "काय पुस्तकम्मा, आज पण हिरवा टोमॅटो? नागपुरात फार खातात वाटतं."

"हो," मी म्हणाले. "परंपरा आहे."

हे कायम चालणार नव्हतं. खरी फूट कुठेतरी शिल्लक असेल, ती आणून गुपचूप झाड बदलावं, असं मी ठरवलं. मुलाखत पास झालेल्या तिघांकडे गेले. एकाकडे कुंडीत कोरफड होती. दुसऱ्याने मिरचीचं झाड दाखवून हेच ते असं सांगितलं. तिसऱ्या बाईंनी दार लावून घेतलं आणि आतून म्हणाल्या, "अण्णांना सांगू नका!"

उरल्या जयनगरच्या अक्का. अण्णांच्या बायकोची मोठी बहीण. अण्णा त्यांच्याशी बोलत नव्हते. बायकोच्या तेराव्याला, सगळ्यांसमोर, अक्का म्हणाल्या होत्या, "ते झाड आमच्या माहेरच्या परसातलं. एक फूट मला दे." अण्णा म्हणाले होते, "तिनं लावलंय ते इथंच राहतंय." तेवढ्यावरून अकरा वर्षं अबोला. म्हणजे अक्कांना फूट मिळालेलीच नव्हती. तरी मी गेले. निदान माहेरच्या परसाचा पत्ता मिळाला तर पाहावं म्हणून.

अक्कांनी दार उघडलं. ठेंगणी मूर्ती, पांढरा मोठा अंबाडा, तोंडात सुपारी. माझी सगळी हकीकत त्यांनी सुपारी न चावता ऐकली. मग मला मागच्या बाल्कनीत नेलं. तिथे तेच झाड होतं. चपटी, चुण्यांची, कुणीतरी बसल्यासारखी फळं.

"पण अण्णांनी तर..."

"त्यानं कुठं दिली? मी घेतली. तेराव्याच्याच दिवशी. सगळे पानावर बसलेले, मी गच्चीत जाऊन खुडली आणि अंबाड्यात खोचली. रिक्षात मान टाकली होती बिचारीनं. तरी जगली."

मी एक फूट मागितली. अक्कांनी आता सुपारी चावली. "देते की. पण तुला नाही. त्याला म्हणावं, स्वतः येऊन माग. अकरा वर्षं वाट बघतेय मी."

त्या संध्याकाळी मी अण्णांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. डेंग्यूची बाई, कचरागाडी, रोपवाटिका, कापलेली मुळं. शेवटी, खारही मीच.

अण्णांनी खुर्चीत बसल्या बसल्या चष्मा कपाळावर ढकलला. मग म्हणाले, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"धारवाडहून आलो त्या दिवशी. मुळं कापल्यावर खोड सुरीनं कापलेलं दिसतं गं. मी नखानं खुडतो. तीस वर्षं फिरवलेले मीटर पकडलेत मी." मग म्हणाले, "पण तू काय करतीस ते बघावं म्हटलं. तुला चटणी तरी बरी जमत होती?"

"मग ती कवटी?"

"ती तुझ्यासाठीच होती. म्हणून तर मराठीत काढली."

ते हसले, मीही हसले. मग ते हसायचे थांबले आणि आपले दोन्ही अंगठे बघत बसले. "म्हणजे ते झाड गेलं," ते म्हणाले. सगळं माहीत असून इतके दिवस त्यांनी हे वाक्य उच्चारलं नव्हतं.

तेव्हा मी अक्कांचं सांगितलं.

रविवारी आम्ही जयनगरला गेलो. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशात बॅटरी, हातात पाणी भरलेली तपकिरी बाटली. रिक्षाभर ते बाटली मांडीवर सरळ धरून बसले. अक्कांच्या घरी दोघं समोरासमोर बसले आणि माझ्याशी बोलू लागले.

"त्याला विचार, चहा की कॉफी."

"तिला सांग, मी चोराकडे काही घेत नाही."

"त्याला म्हणावं, तुझी भाडेकरूपण चोरच आहे. तिच्या हातचं खातोस की."

"तिला विचार, अंबाड्यात कुठल्या बाजूला खोचली होती."

अक्कांनी मला न विचारता थेट उत्तर दिलं. "डाव्या. का रे?"

"ती पण गजरा डाव्याच बाजूला घालायची," अण्णा म्हणाले.

अक्का उठून आत गेल्या, एक टोमॅटो चिरून त्यावर मीठ घालून बशी आणली. अण्णांनी एक फोड तोंडात घातली. डोळे मिटले. बराच वेळ चावत राहिले. अक्का दाराला टेकून उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून. मी बाटलीकडे बघत होते.

"रीडिंग बरोबर आहे," अण्णा म्हणाले. आणि मग, अकरा वर्षांनी, "अक्का, एक फूट दे."

त्यानंतर दर रविवारी ते जयनगरला जाऊ लागले. कारण नेहमी एकच: तिकडच्या झाडाचं रीडिंग. अक्का वैतागून म्हणायच्या, हा माणूस माझ्या बाल्कनीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवतो. पुसत मात्र नव्हत्या.

या वर्षी अण्णांना खोकला झाला. सहा वर्षांत पहिल्यांदा. औषधाची बाटली तपकिरी निघाली तेव्हा ते एवढे खूश झाले की डॉक्टरांनी दुसऱ्यांदा ताप बघितला. हॉस्पिटलात नर्सला पुन्हा पुन्हा बजावत होते, "संपली की टाकू नको अम्मा, धुवून हिच्याकडे दे." ती बाटली संपली नाही. पाऊण भरलेली होती तेव्हाच ते गेले. मी उरलेलं औषध ओतून दिलं आणि बाटली धुतली. बूच ठेवलं नाही.

तेराव्याला दोन्ही मुलगे होते. चांगले आहेत ते. त्यांनी मला सांगितलं की घर बिल्डरला द्यायचं ठरतंय, घाई नाही, तुम्ही सावकाश जागा शोधा. मी महादेवपुऱ्यात ऑफिसजवळ एक खोली बघून ठेवली होती. जेवणाची पानं मांडली जात होती तेव्हा मी गच्चीवर गेले. झाडावर वीतभर बगलफूट आली होती. मी नख पुढे केलं आणि मागे घेतलं. दोनदा. झाड त्यांच्या घरातलं, मी भाडेकरू. मुलांना विचारायला हवं, असं वाटत होतं. आणि त्यांच्याकडे जाऊन आज टोमॅटोबद्दल विचारायचं कसं, तेही कळत नव्हतं.

मागून धाप ऐकू आली. अक्का जिना चढून आल्या होत्या.

"विचारायला निघालीस होय?" त्या म्हणाल्या. "विचारून नेलेल्या तिन्ही मेल्या. चोरलेली जगली. तुला एवढी पुस्तकं वाचून कळत नाही?"

"अक्का, तुमच्याकडे तर आहेच झाड."

"आहे. पण मी एक्क्याऐंशीची आहे."

त्यांनी फूट नखाने खुडली, खालची पानं काढली, एक कळी होती तिला "आत्ता नको गं" म्हणाल्या आणि तीही काढली. मग मला म्हणाल्या, "वळ."

मी केस गुंडाळून त्यात पेन्सिल खोचते. अक्कांनी पेन्सिल ओढून काढली, माझ्या हातात दिली, आणि तिच्या जागी फूट खोचली. डाव्या बाजूला.

मी तशीच खाली आले, पानावर बसले, जेवले, मुलांचा निरोप घेतला. नव्या खोलीची किल्ली त्याच दिवशी घ्यायची होती, म्हणून तिथून थेट मेट्रो पकडली. तपासणीच्या पडद्याआड पोलीसबाईने यंत्र अंगावरून फिरवलं, मग तिची नजर माझ्या डोक्यावर गेली. वाकून तिने वास घेतला. "टोमॅटो?"

"हो."

तिने मला जाऊ दिलं. गाडीत एक आजी उठून मला जागा देत होत्या. बहुधा त्यांना वाटलं, मला बरं नाही. महादेवपुऱ्याला पोचेपर्यंत फुटीने पुरती मान टाकली होती. मी ती अण्णांच्या बाटलीत ठेवली. औषधाचं लेबल अजून तसंच आहे; त्यावर दिवसातून तीनदा असं लिहिलंय.

मी तीनदा बघते. बॅटरी मुलांनी मला दिली. काल सकाळी साडेसहाला लख्ख उजेडात ती लावून बाटलीच्या आत बघितलं. साक्षीला कुणी नव्हतं. या खोलीच्या भिंतीवर काही लिहायचं नाही, असं करारात आहे. मी खडू घेतला आणि लिहिलं: "१ – मुळं २."